आज कुठला पाय

चपला-बूट दुरुस्त करून करून तिला एक खोड लागली होती. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी ती त्याच्या टाचेकडे बघायची. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय त्यावरून माणूस कसा चालतो, कुठला गुडघा धरलाय, हे ती सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. डावीकडे झिजवणारा जन्मभर डावीकडेच झिजवतो, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

म्हणून ढब्बूचं लंगडणं तिच्या डोक्यात शिरेना. ढब्बू म्हणजे त्यांचं आठ महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. नावाला पिल्लू, अंगानं वासराएवढं, आणि अक्कल अजून यायची होती. आधी तो पुढचा डावा पाय उचलून चालायला लागला. काटा नाही, जखम नाही, सूज नाही. तो पाय ठणठणीत होतोय तोवर मागचा उजवा धरला. मग पुढचा उजवा. दुखणं असं पाय बदलत नाही, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. जागा बदलतो तो मार.

आणि दिवसभर ढब्बूपाशी असायचं कोण? नवरा. कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच होता. माणूस वाईट नव्हता, पण हल्ली राग नाकावर असायचा आणि निघायचा भांड्यांवर. दार आपटल्याशिवाय त्याला लावताच येत नव्हतं. त्यात शेजारणीनं तेल ओतलं, "दुपारचे फार ओरडतात हो तुमचे हे कुत्र्यावर." ओरडणारा मारतही असेल, असं ती धरून चालली. दिवसभर ठोकाठोकी करून आलेल्या बाईला दुसऱ्यांदा विचार करायचं त्राण तरी कुठून येणार?

त्या संध्याकाळी ढब्बू तीन पायांवर दारापर्यंत आला आणि तिचा तोल गेला.

"अहो, लाथ मारलीत ना याला?"

"काय?"

"काय काय? नोकरी गेली त्यात मुक्या जनावराचा काय दोष? राग काढायचा तर माझ्यावर काढा."

नवरा कांदा चिरत होता. आता हा भांडणार म्हणून ती कंबर कसून उभी राहिली. त्यानं सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. खोटं असतं तर बोलला असता, असं तिनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती ढब्बूला दुकानात न्यायला लागली. दुकान ते केवढं! ढब्बू पसरला की गिऱ्हाइकाला बाहेरूनच बूट द्यावा लागे. जाता-येता तो वाटेत बसकण मारायचा, आणि तिचे स्वतःचे पाय भरून यायचे. घरी वेगळीच तऱ्हा. ढब्बू जवळ गेला की नवरा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मन खातंय, दुसरं काय, असं ती पुटपुटायची.

एका सकाळी ढब्बू चारही पाय टेकवत नीट चालत दुकानात आला आणि तिच्या शेजारी झोपला. दुपारी उठला तो मागचा डावा पाय वर धरूनच. मधल्या वेळात त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. तिनं हाड हलकेच दाबलं तर तो कळवळला. दुकान अर्ध्यात बंद करून तिनं जनावरांच्या डॉक्टरांकडची वाट धरली.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे बघितला. "दुखणं एका पायातून दुसऱ्यात जातं, हो ना? मोठ्या जातीच्या पिल्लांना वाढीच्या वयात होतं असं, हाडाच्या आत. का होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही. वाढ पुरी झाली की आपोआप थांबतं. दुखेल तेव्हा गोळी द्या, फार पळवू नका."

"कुणी मारल्यानं नाही ना?" तिनं विचारलं.

"छे हो! यात कुणाचाच दोष नाही."

घरी येईपर्यंत ती थकून गेली होती. नवरा कपड्यांच्या घड्या घालत बसला होता. तिनं दारातूनच सगळं सांगून टाकलं.

"बरा होईल ना?" त्यानं विचारलं.

"होईल. अहो, चुकलं माझं. पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? तू इतक्या खात्रीनं बोललीस, की मलाच वाटायला लागलं, रागाच्या भरात मारलं असेल आपण. आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली, अगं. म्हणून लांब राहत होतो त्याच्यापासून."

ती आत येऊन त्याच्यासमोर बसली. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात ढब्बू लंगडत त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकून उभा राहिला. नवऱ्यानं दोन्ही हात वर उचलून धरले आणि तिच्याकडे बघितलं.

"हात लावू का त्याला?"