अंगठीतून निघालेला आजार

"निघाला! निघाला! बघा, धूर निघाला!"

शंभर-सव्वाशे माणसं प्लास्टिकच्या लाल स्टुलांवरून एकदम उठली. भूमिदेवाच्या देवळामागच्या मांडवात पिवळ्या कापडाने मढवलेली एक स्टीलची पेटी होती. पेटीत पाणी, पाण्यात भाजीवाल्या काकूंची सोन्याची अंगठी. पेटीतून डास गुणगुणावा तसा बारीक आवाज येत होता आणि अंगठीच्या खड्याखालून काळपट ढग वळवळत बाहेर पडत होता. मागे बसलेल्यांना दिसावं म्हणून हे सगळं मोठ्या टीव्हीवरही दाखवत होते.

"हा हिच्या गुडघ्यातला वात," लुओ गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं अंगठीत साठला होता. बाई, माणूस विसरतो, पण सोनं विसरत नाही. उभ्या राहा बघू!"

काकू उभ्या राहिल्या. रोज सकाळी बाजारात त्या उभ्याच असतात, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी चुआंग मिंग-ते. दौलिऊ गावच्या बाजारात गेली एकतीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या दाराशी अगदी तशीच पेटी ठेवलेली आहे आणि वर पाटी आहे, 'चष्मा धुऊन घ्या, फुकट.' शाळा सुटली की पोरं येऊन चष्मे बुडवतात. नाकावरचा घाम, तेल, धूळ यांचा असाच धूर निघतो. आजवर त्यापायी कुणी माझ्या पाया पडलं नाही.

एरवी मी हसून घरी गेलो असतो. पण पहिल्या रांगेत माझी ताई बसली होती.

बी-श्याताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनं पेजेचा गाडा चालवून मला वाढवलं, शिकवलं. मार्चमध्ये तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर फांगबाईंनी तपासण्या केल्या आणि स्वच्छ सांगितलं, "लहान आहे. वेळेत सापडली. काढून टाकू, पुढची औषधं घ्या, बहुतेक बायका बऱ्या होतात." शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. तारखेला आठवडा उरला असताना शेजारीण ताईला या मांडवात घेऊन आली.

तिच्या लग्नातल्या अंगठीतून इतका काळा ढग निघाला म्हणे, की लुओ गुरुजीसुद्धा दोन पावलं मागे सरकले. पन्नास वर्षं पेज ढवळणाऱ्या, कांदे चिरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या अंगठीतून दुसरं काय निघणार? पण गुरुजी म्हणाले, "गाठ सुटायला लागली. आता सुरी लावलीत तर ती चवताळेल."

ताईनं तारीख रद्द केली.

मी पुढच्या रविवारी तयारीनं गेलो. स्कूटर दुरुस्त करणाऱ्या आ-हायकडून एक जुना नट मागून आणला. त्याला बायकोचं तोंडाला लावायचं क्रीम चोपडलं, उदबत्तीची राख लावली आणि चांगला वाळू दिला. मांडवात गुरुजींनी "आणखी कुणाला दर्शन घ्यायचंय?" म्हटल्याबरोबर मी पुढे झालो.

"गुरुजी, यालाही जरा बघा."

कुणी अडवायच्या आत मी नट पाण्यात टाकला. धूर निघाला, आणि अंगठीपेक्षा जास्त निघाला. टीव्हीवर तर वणवा पेटल्यासारखा दिसला.

"आता सांगा, या नटाला कुठला आजार आहे?" मी विचारलं. "वात की गाठ?"

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं, मग दोघं-तिघं हसले. मी वळून सगळ्यांना सांगितलं, "मंडळी, ही चष्मे-दागिने धुवायची पेटी आहे. ही गुणगुण ऐकू येते, तिच्याहूनही बारीक, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं पाणी थरथरतं. त्यात सुईच्या टोकाहून लहान बुडबुडे होतात आणि फुटतात. ते फुटताना खाचाखोचांतला मळ उडवून लावतात. साबण, घाम, क्रीम, मेलेली कातडी, दुसरं काही नाही."

मला वाटलं, जिंकलो.

लुओ गुरुजींनी नट चिमट्यानं उचलला, उजेडात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "हा कुणाचा?"

"स्कूटरचा."

"स्कूटर कोण चालवतं?"

मी काही बोलायच्या आत गंमत बघायला माझ्यामागोमाग आलेला आ-हाय मागून ओरडला, "माझा आहे, गुरुजी! माझ्याच जुन्या गाडीचा!"

"दादा, तुमची कंबर दुखते का हो?"

बारा तास उकिडवं बसून टायर काढणाऱ्या माणसाची कंबर दुखणार नाही तर काय होणार? आ-हायचं तोंड पांढरंफटक पडलं. "कसं ओळखलंत?" म्हणत तो माझ्याच डोळ्यांसमोर रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी चौघे उभे राहिले. माझ्या नटानं गुरुजींना पाच भक्त मिळवून दिले.

बाहेर ताईनं मला गाठलं.

"चार लोकांत माझी शोभा केलीस."

"ताई, तो मळ होता! माझ्या दुकानात चल, आत्ता दाखवतो."

"तुझी पेटी चष्म्याची. तिच्यावर मंत्र आहेत का?"

"मंत्रानं गाठ जात नसते गं!"

"आणि सुरीनं जाते?" तिचा आवाज एकदम चिरकला. "घरी जा, मिंग-ते."

मी घरी गेलो. पुढचे काही महिने मी जे जे सुचेल ते केलं. तिच्या मुलीला, शिन-लानला, मध्ये घातलं. डॉक्टर फांगबाईंनी स्वतः दोनदा फोन केला. पोलिसचौकीत गेलो, तर हवालदार म्हणाला, "काका, तक्रार कुणाची? फसलेलं माणूस तक्रार करतं. इथं तर लोक गुरुजींसाठी फळं घेऊन येतात." तो खरं बोलत होता. मी दुकानाच्या काचेवर पेटीची सगळी माहिती लिहून लावली. लोक उभं राहून वाचायचे, चष्मा धुवायचे आणि देवळाकडे जायचे.

जुलैत ताईनं आपणहून फोन केला. किती दिवसांनी! आवाज पोरीसारखा कोवळा झाला होता.

"मिंग-ते, पाणी स्वच्छ झालं. तीन आठवडे अंगठी बुडवतेय, एक ठिपका निघत नाही. गुरुजी म्हणाले, आजार संपला. तूच तेवढा विश्वास ठेवत नव्हतास."

"ताई, गाठीला हात लावून बघ. ती आहे का गेली?"

तिनं फोन ठेवला.

तिनं घरीही तसली एक लहान पेटी घेतली होती. गुरुजी त्या विकत असत. अंगठी स्वच्छ झाली म्हणून ती आता आईची जेडची, हिरव्या दगडाची बांगडी रोज त्यात ठेवू लागली. दीड महिन्यात बांगडी पांढुरकी, डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तशी झाली. गुरुजी म्हणाले, "बांगडीनं तुमच्यावरचं उरलंसुरलं स्वतःवर घेतलं." ताई आईचं नाव घेऊन रडली आणि आणखी निश्चिंत झाली.

ऑक्टोबरात शिन-लानचा फोन आला. "मामा, आईच्या अंगाला वास येतोय. ती मला जवळ येऊ देत नाही."

गाठीवरची कातडी फुटली होती. आम्ही दोघांनी तिला उचलूनच इस्पितळात नेलं. डॉक्टर फांगबाई रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "हाडांत पसरलंय. औषधं देऊ, दुखणं कमी करू. मार्चमधलं बोलणं आता मला बोलता येणार नाही."

चौथ्या दिवशी ताईनं शिन-लानला घरून ती पेटी आणायला लावलं. मला वाटलं, अजूनही हिला तेच हवंय. पण तिनं पेटी माझ्या मांडीवर ठेवायला सांगितलं.

"खाली काय लिहिलंय ते वाच. मला नीट दिसत नाही."

खाली मंत्राचा पिवळा कागद चिकटवलेला होता. मी नखानं सोलला. त्याच्याखाली कारखान्याची चिठ्ठी होती. मी वाचून दाखवली, "घरगुती वापरासाठी. दागिने, चष्मे, कवळ्या धुण्यास योग्य. मोती, पोवळं, जेड यात घालू नये."

"आईची बांगडी?"

"तिच्यातल्या बारीक फटी बुजवायला आत राळ भरलेली होती, ताई. बाजारातल्या बऱ्याच बांगड्यांत असते. रोजच्या थरथरीनं ती राळ खराब झाली, म्हणून बांगडी पांढरी पडली."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "आणि पाणी? शेवटी पाणी स्वच्छ का झालं होतं?"

एकतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हे हसत हसत सांगत आलोय. त्या दिवशी मी सोललेला पिवळा कागद हातात चुरगाळत बोललो.

"अंगठी स्वच्छ झाली होती, ताई. मळ संपला होता."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

ती भिंतीकडे वळली. तशीच पडून म्हणाली, "तुझे भावजी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाहीत. आत जाताना मला म्हणाले होते, संध्याकाळी मासा कर. सहा वर्षं मला त्या दाराची भीती वाटतेय, मिंग-ते. तो गुरुजी एकटाच म्हणाला की आत जायची गरज नाही."

ताई अजून आहे. दर तीन आठवड्यांनी सलाईन लागते, कधी दोन घास खाते, कधी नाही. लुओ गुरुजींनी मांडव पुढच्या गावात नेला. तिथंही म्हणे स्टुलं पुरत नाहीत.

माझ्याच्यानं आता एवढंच होतं, की हे लिहून ठेवावं. दागिने घरी जरूर धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दोन-तीन मिनिटं पुरे. खडा हलत असेल तर आधी सोनाराला दाखवा. मोती, पोवळं, पाचू, जेड नुसत्या ओल्या मऊ कापडानं पुसा. पाण्यात काळं दिसेल ते तुमच्या हातचं आणि स्वयंपाकघरातलं असेल. अंगातली गाठ कुठल्याही पाण्यात उतरत नाही. ती हाताला लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

आणि तुमच्या घरातलं कुणी अशा मांडवात बसायला लागलं, तर माझ्यासारखं चारचौघांत हुशारी दाखवायला जाऊ नका. आधी जवळ बसा आणि विचारा, तुला भीती कशाची वाटते?

मी सात महिने तिला बुडबुडे समजावत होतो. हे मात्र एकदाही विचारलं नाही.