शेवटच्या गड्याची गाडी

मित्रांनो, परभणीत एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जी काळी जुनी मोटारसायकल उभी आहे, ती मी. माझ्या टाकीला मोठा पोचा पडला आहे, एक आरसा तुटला आहे आणि सीटच्या फोममध्ये उंदरांनी घर केलं आहे. पण मी अशी नव्हते.

कारखान्यातून आले तेव्हा माझं अंग आरशासारखं चमकत होतं. अवधूतनं मला घरी आणलं, त्याच्या आईनं, सुमंगलाबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. अवधूत कॉलेजात कारकून होता. आठवडाभर मान खाली घालून फायली पाहणारा हा माणूस रविवारी जाड जॅकेट चढवून माझ्यावर बसला, की त्याची पाठ ताठ व्हायची.

त्याचा मित्रांचा एक जथा होता. दर रविवारी आम्ही लांब फिरायला जायचो. महारुद्र सगळ्यांच्या पुढं, निवेदिता मध्ये आणि अवधूत सगळ्यात शेवटी. शेवटच्या गड्याचं काम मोठं असतं. कुणाची गाडी बंद पडली, कुणाचं चाक पंक्चर झालं, तर त्यानं थांबायचं. कितीदा तरी आम्ही दोघं असे उन्हात थांबलो. जिंतूरच्या चहाच्या टपरीवर लोक माझ्या टाकीवर हात फिरवून म्हणायचे, "लय दमदार गाडी हाय!" मला फार बरं वाटायचं.

त्या रविवारी आम्ही येलदरीच्या धरणाकडं निघालो होतो. महारुद्रला धरणावर लवकर पोचून व्हिडिओ काढायचा होता. त्यानं वेग वाढवला, त्याच्यामागं सगळ्यांनी वाढवला. आम्ही मागं पडलो. अवधूतनंही मूठ पिळली. एका वळणावर रस्त्याच्या कामाची बारीक खडी पसरली होती. माझं पुढचं चाक सटकलं आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या खोल चारीत जाऊन आदळलो.

हेल्मेटमुळं त्याचं डोकं वाचलं. पण मी त्याच्या पायावर पडले होते, मित्रांनो. माझं सगळं वजन त्या पायावर, आणि माझा तापलेला सायलेन्सर त्याच्या पोटरीला टेकलेला. तो ओरडत होता, मला ढकलत होता. मला तसूभरही हलता येईना. टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं. फोन उडून कापसाच्या रानात पडला होता. वर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांचे आवाज यायचे आणि विरून जायचे. देवा, कुणीतरी खाली बघा, एवढंच माझ्या मनात होतं.

शेळ्या चारणारी मनकर्णा नावाची बाई त्याच्या ओरडण्यानं धावत आली.

"अगं माय! जिता हाय का रं बाबा?"

"पाय... पाय भाजायलाय, मावशी!"

तिनं मला दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. "माज्यानं हालंना ही," असं म्हणून ती रस्त्यावर धावली आणि हात वर करून ओरडू लागली, "थांबा रं! माणूस मरायलाय हितं!" कुणी थांबेना. एका मोटारीची काच खाली झाली, मोबाईल बाहेर आला, फोटो निघाला आणि मोटार निघून गेली. इकडं अवधूतचा आवाज बारीक होत चालला होता.

मग मनकर्णानं हाळी दिली आणि शेळ्यांचा अख्खा कळप रस्त्यावर आडवा घातला. भाजीचा एक टेम्पो करकचून थांबला.

"ए म्हातारे, हाकल की शेळ्या!"

"न्हाई हाकलत! आदी खाली उतर!"

तो उतरला. त्याच्यामागं अडकलेलेही उतरले. चौघांनी मिळून मला उचललं. अवधूतला टेम्पोत ठेवत असतानाच निवेदिता पोचली. नंतर कळलं, धरणावर तिनं विचारलं होतं, "अवधूत कुठंय?" महारुद्र म्हणाला होता, "शेवटचाच गडी हाय तो, येईल की!" ती एकटीच माघारी वळली होती.

अवधूत वाचला, पण गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

मला घरी आणलं तेव्हा सुमंगलाबाई म्हणाल्या, "ही अवदसा माझ्या दारात नको." त्यांचं काय चुकलं? मला शेडमध्ये ढकललं, तेव्हापासून मी इथंच गंजते आहे.

एकदा महारुद्र अवधूतला भेटायला आला. शेडच्या दारात उभा राहून रडला. "मी आरशात बघितलंच न्हाई रे."

"पुढच्यानंच मागं बघायचं असतं, महारुद्र," अवधूत म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

तो गेल्यावर अवधूत कुबड्या टेकत माझ्याजवळ आला. टाकीवर ठेवण्यासाठी त्यानं हात पुढं केला. न टेकताच तो मागं फिरला.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती माझ्यासारखी एखादी गाडी येईल. तिला जपा, तिचे ब्रेक तपासा, चेनला तेल घाला. जॅकेट घाला, हौसेनं हिंडा. पण निघताना आपण किती जण आहोत ते मोजा आणि पोचल्यावर पुन्हा मोजा. एक जरी कमी भरला, तर हातातला चहा तसाच ठेवा आणि गाडी वळवा. तिथं रस्त्याच्या कडेला कुणीतरी तुमच्या गाडीचा आवाज ऐकायला कान लावून पडलेलं असेल.