कापसात बांधलेल्या बांगड्या

सलालात जून सरला की ऊन दिसेनासं होतं. समुद्रावरून धुकं येतं, डोंगरावर चढतं आणि दिवसभर बारीक भुरभुर लावून ठेवतं. बाकीचं आखात भाजून निघत असताना ओमानच्या या कोपऱ्यात गवत उगवतं, म्हणून दुबई-मस्कतचे लोक गाड्या भरभरून भिजायला येतात. या दिवसांना तिथं खरीफ म्हणतात. नांदेडच्या जेबाला पहिल्या वर्षी त्याचं हसू आलं होतं. आता तिसरं वर्ष होतं. कपडे वाळत नव्हते, चपलांना बुरशी धरत होती, आणि वर्गातली निम्मी मुलं पाहुण्यांना घरं भाड्यानं देण्यात गुंतली होती.

जेबा एका खासगी संस्थेत इंग्रजी शिकवायची. उरलेल्या मुलांकडून ती त्यांच्या वडिलांबद्दल पाच वाक्यं बोलून घेत होती. तेव्हा एकानं विचारलं, "मिस, तुमचे वडील काय करतात?"

"काचेचा व्यवसाय आहे," जेबा म्हणाली.

दारात शिल्पा मॅडम उभ्या होत्या. त्या तिच्या वरिष्ठ, पुण्याच्या. "अरे वा, कारखाना आहे का?" त्यांनी विचारलं. जेबानं मान अशी हलवली की ज्याला जे समजायचं ते समजावं.

जेबाचे वडील चांदपाशा मणेर होते. नांदेडात त्यांचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं, आणि डोहाळजेवण किंवा लग्न असलं की ते पेटी घेऊन घरी जायचे. बारावीपर्यंत जेबाही सोबत असायची. खाली बसून बायकांचे हात साबणानं मऊ करायचे, हात जराही न दुखवता बांगडी चढवायची, आणि निघताना सुपातला शिधा पिशवीत ओतून घ्यायचा. हे शेवटचं तिला कधी आवडलं नाही.

रजेवर गेलेल्यानं येताना सगळ्यांच्या पिशव्या आणायच्या, हा तिकडच्या लोकांचा रिवाज. जेबाच्या शेजारच्या इमारतीत राहणारी नर्स रेणुका आता सात महिन्यांची गरोदर होती. जेबा मे महिन्यात घरी गेली तेव्हा रेणुकाची आई महानंदाबाई औशाहून एसटीनं नांदेडला आल्या. खण, नारळ त्यांनी सोबत आणला होता. हिरव्या बांगड्या चांदपाशांनी दुकानातल्या निवडून दिल्या आणि एकेक जोड कापसात गुंडाळून डब्यात बसवला.

"ताई, तिथं भरणारा शोधू नका," ते म्हणाले. "माझी पोरगी हाय ना. ती भरील."

महानंदाबाईंनी जेबाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "म्या येऊ शकत न्हाई गं बाई. तूच माझ्या ठिकाणी."

जेबा सलालाला परतली. डबा कपाटात ठेवला. या शुक्रवारी देऊ, पुढच्या शुक्रवारी देऊ, असं चाललं असताना रेणुकाचाच फोन आला.

"जेबा, डोहाळजेवण ठरलं बरं का. सगळ्या मराठी बायका बोलावल्यात. तुझ्या शिल्पा मॅडमबी येऊन राहिल्यात. तुला लवकर यायचंय, भरायला तूच हायस. मी तर सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमचा बांगडीवाला थेट नांदेडचा."

रेणुका हसत होती. जेबाच्या डोळ्यांपुढे ती स्वतःच उभी राहिली. सतरंजीवर, हाताला फेस, आणि समोर सोफ्यावर शिल्पा मॅडम.

"अगं, सांगायचंच राहिलं," ती म्हणाली. "बॅगेत फुटल्या त्या."

'फुटली' हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारत नसे. दुकानात एखादी तडकली तरी अब्बा 'वाढली' म्हणायचे, आणि समोर पोटुशी बाई असली तर तेही म्हणायचे नाहीत, मुकाट्यानं मुठीत घ्यायचे.

"सगळ्या?" रेणुकानं विचारलं.

"सगळ्या."

"असू दे," रेणुका म्हणाली.

कार्यक्रम झाला. मॉलमधून आणलेल्या प्लास्टिकच्या बांगड्या रेणुकानं स्वतःच घातल्या. शिल्पा मॅडमनी जेबाला आपल्या शेजारी सोफ्यावर बसवून घेतलं. रेणुका फोटोत हसली आणि एरवी पोटावरचा हात काढेना. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. रक्तदाब वाढलाय, असं तिच्या नवऱ्यानं जिन्यात सांगितलं. जेबानं काळजी घ्या म्हटलं आणि वर्गाला गेली.

गुरुवारी अब्बांचा फोन आला. ते घरी दखनीत बोलायचे. "रुई कम पडी होगी बेटा," ते म्हणाले. "मेरीच गलती." महानंदाबाईंनी दुकानात फोन केला होता. ओरडल्या नव्हत्या. फक्त विचारलं होतं, भाऊ, बांधताना काही मनात आलं होतं का. तेव्हापासून अब्बांना झोप नव्हती. नवा डबा बांधून ते लातूरकडच्या गाडीनं औशाला निघणार होते, बाईंसमोर उभं राहून माफी मागायला.

"कायकू जाते, अब्बा," एवढंच जेबाला म्हणता आलं. ते म्हणाले, एवढ्या वर्षांत कुणाच्या लेकीला असा अपशकुन माझ्या हातून झाला नाही.

शुक्रवारी दुपारी जेबा डबा पोटाशी धरून भुरभुरीत निघाली. रेणुका पलंगावर पडून होती. जेबानं दिलेल्या डब्याचं तिनं झाकण काढलं, कापूस उलगडला, आणि एकेक जोड चादरीवर मांडत गेली.

"ह्या त्याच?"

"त्याच."

"मंग का म्हणलीस तसं?"

वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं जेबानं सोडून दिलं. "शिल्पा मॅडमपुढं खाली बसून भरायच्या नव्हत्या मला."

रेणुकानं तिच्याकडं पाहिलं नाही. "मी इथं रात्रंदिवस बघून राहिले, लेकरू हलतंय का न्हाई. आईनं एक वेळची भाकर सोडली. आन तुला खाली बसायचं नव्हतं." तिनं फोन उचलून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि जेबाच्या हातात दिला. "तूच सांग तिला. मी न्हाई सांगणार."

पडद्यावर महानंदाबाईंचा ओटा आला. बाजूच्या खाटेवर अब्बा बसले होते, टोपी नीट करत, मांडीवर नवा डबा. चहाची कपबशी तशीच भरलेली होती.

"बेटा?" ते म्हणाले. "तू उधर?"

"काकू," जेबा म्हणाली, "बांगड्या फुटल्या नव्हत्या. मी खोटं बोलले. अब्बांनी नीटच बांधल्या होत्या."

महानंदाबाईंनी आधी लेकीचा चेहरा बघायला मागितला. रेणुकानं फोन घेतला, बांगड्या दाखवल्या. बाईंनी पदर तोंडाला लावला, मग शेजारी वळून म्हणाल्या, "भाऊ, म्या तुम्हाला नको ते विचारलं."

चांदपाशांनी डब्याच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

रेणुकानं फोन उशीला टेकवून उभा केला आणि हात पुढं केला. "भर."

जेबा फरशीवर बसली. हात सुजलेला होता. साबण लावून तिनं तो मऊ केला, पहिली बांगडी बोटांवरून घेतली, आणि ती अंगठ्याशी अडली.

"अंगठ्याखाली दाब," पलीकडून अब्बांचा आवाज आला, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा, मराठीत. "घाई करू नको."

बांगडी चढली. तिनं मान वर करून पडद्याकडं पाहिलं, तर खाटेवर कुणी नव्हतं. ओट्याखाली उतरून ते महानंदाबाईंना विचारत होते, नांदेडची गाडी किती वाजता आहे. बाई म्हणत होत्या, चहा तरी घ्या.

"न्हाई ताई," चांदपाशा म्हणाले. "आज नको."

जेबानं दुसरी बांगडी उचलली.