पात्रे शून्य

मी ‘गळका नळ : कारणे व उपाय’ बोलतोय. पाने एकशे बारा, आकृत्या सदतीस, पात्रे शून्य.

मला लिहिलं एका निवृत्त प्लंबरने. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत वाकून कंबर गेली, तेव्हा तो टेबलाशी बसला. वाक्य जमेना की हातात पाना घ्यायचा, म्हणजे जमायचं. टाइप केलं त्याच्या बायकोने, त्यामुळे माझा शब्दन् शब्द तिला पाठ. माझ्या बाकीच्या प्रती दुकानांत गेल्या आणि तिथेच राहिल्या. मी घरी. लेखक रोज माझ्यावरची धूळ पुसायचा, नसली तरी.

एके दिवशी परदेशातल्या कुठल्याशा वाचक मंडळाचा ईमेल आला. ‘आपल्या नायिकेचं मूक दुःख वाचून आमचे पाच हजार सभासद ढसाढसा रडले. चित्रपट काढायचा आहे. नोंदणी शुल्क तेवढं त्वरित भरावं.’

लेखक दुपारभर मला उलटसुलट चाळत बसला.

“वॉशर असणार,” तो शेवटी म्हणाला. “सगळा दाब सोसतो, आणि झिजला की फेकून देतात.”

“वॉशर बाई आहे?” बायकोने विचारलं.

“ते वाचकाने ठरवायचं.”

खोटं कशाला बोलू, मलाही पटायला लागलं. पान एकोणतीसवर मी जरा हळवा आहेच.

सकाळी तो पैसे भरायला निघाला. बायको म्हणाली, “अहो, भरा खुशाल. फक्त एकदा फोन करून विचारा, रडले कुठल्या पानावर.”

फोनवरचा माणूस फार गोड होता. “शेवटच्या पानावर, सर. ती घर सोडून जाते तिथे.”

लेखकाने मला उघडलं. “तिथे पाइपांच्या मापांचा तक्ता आहे.”

“तोच, सर. फार हृदयद्रावक तक्ता.”

लेखकाने फोन ठेवला. पैसे वाचले, पण दोन दिवस त्याने माझ्यावरची धूळ पुसली नाही. मला हत्यारांच्या पिशवीत टाकलं, पान्याखाली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. एका वसतिगृहाची स्वयंपाकीण होती. “तुमच्या पुस्तकात पान त्रेचाळीसची आकृती उलटी छापलीय. तुमचं ऐकून व्हॉल्व्ह उलटा बसवला. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी आहे.”

लेखक हळूच म्हणाला, “तुम्ही त्रेचाळीसपर्यंत वाचलंत?”

“न वाचून सांगते कुणाला?”

कंबर विसरून त्याने पिशवी उचलली. व्हॉल्व्ह सुलटा केला, चिखल झालेली तिची प्रत सुकत टाकली आणि माझी आकृती पेनने दुरुस्त करून मला तिच्या हाती दिलं. परतताना, म्हणे, तो शीळ घालत होता.

लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो : कुणी फारच रडत असेल, तर आधी पान विचारा. पैसे मागत असेल, तर तेही विचारू नका.

मी आता तिच्या सिंकशेजारी असतो, भिजून दुप्पट जाड. ती ओल्या हाताने मला उघडते, लेखकाच्या नावाने बोटं मोडते आणि पुढचं पान वाचते.