ठकू ठकेना

"काऊने नेली, भुर्र!" म्हणत आजोबांनी मापाची टेप अस्तराच्या तुकड्याखाली सरकवली आणि पुन्हा शिलाई मशीनवर पाय ठेवला. आठ महिन्यांच्या नातीपुढे, ठकूपुढे, एवढी लबाडी पुरे होती. टेप, खडू, रिळं, जे जे तोंडात जाईल ते कापडाखाली ढकलायचं आणि खापर कावळ्याच्या माथी फोडायचं. नजरेआड झालं की ठकूच्या लेखी ते जगातूनच उठलं. आजोबांचा जन्म सुटलेली पोटं कोटाआड झाकण्यात गेलेला. असल्या झाकाझाकीची त्यांना लाज कसली वाटणार!

पण लेकीचं उतरलेलं तोंड मात्र त्यांना बघवत नव्हतं. लेक बस चालवायची. रोज सकाळी ती दाराचा पडदा सारून निघाली, की ठकू तिकडे ढुंकूनही बघायची नाही.

"बाबा, हिला माझं काहीच नाही हो," आजही निघताना ती म्हणाली होती. "मीपण त्या रिळासारखीच. दिसले तर आहे, नाहीतर नाही."

"अगं, रडत नाही ते बरंच की! शेजारचं कार्टं बघ, आई निघाली की आळी डोक्यावर घेतं."

"हिनंही घेऊ दे ना एकदा. मी कुणीतरी आहे, एवढं तरी कळू दे मला."

आणि ती भरभर निघून गेली.

शिवता शिवता त्यांचं लक्ष खाली गेलं. ठकू कपाळाला आठ्या घालून त्या अस्तराकडे बघत होती. तिनं हात पुढे केला, मागे घेतला, तोंडात घालून चोखला. मग कापडाचं टोक मुठीत धरून ओढलं. खाली टेप!

"अगं चोरटे!" आजोबा ओरडलेच. ठकू आज ठकली नव्हती. त्यांनी टेप पुन्हा झाकली, वर आणखी एक कापड टाकलं. तिनं दोन्ही भिरकावली आणि खदखदून हसली. आजोबांना भरून आलं. न दिसणारी वस्तूही असते, हे या टिचभर डोक्यानं एकट्यानं शोधून काढलं होतं, कुणी न शिकवता! देवाबद्दल एवढी खात्री त्यांना सत्तरीतही झाली नव्हती.

टेप तिथंच टाकून ठकू रांगत निघाली, ती थेट दाराकडे. तिनं पडदा धरून ओढला. पलीकडे रिकामा जिना. तिनं तो वरपासून खालपर्यंत पाहिला. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, आणि आजोबा उठेपर्यंत तिनं टाहो फोडला.

दुपारी डेपोतून लेकीचा फोन आला. "काय करतेय?"

"मजेत आहे," हे रोजचं उत्तर आजोबांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "रडतेय. पडदा ओढून तुला शोधलं. सापडली नाहीस."



"खूप रडली?"

"खूप."

"खरंच, बाबा?" लेक हसली आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. "मग उद्या माझा पाय कसा निघायचा हो?"

आजोबांच्या खांद्यावर ठकू हुंदके देत होती. दार दिसू नये म्हणून त्यांनी तिचं तोंड आतल्या भिंतीकडे केलं होतं. फोन ठेवून ते वळले, पडदा पार बाजूला सारला आणि तिला जिना आणि खालचा रस्ता दिसेल असे उंबऱ्यात उभे राहिले.