काय म्हणाली ती?

"बाई, त्या वेळी बेकरीच्या मागच्या दारावरचा दिवा लागलेला होता का?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या बाई शिवणकाम करणाऱ्या होत्या. बेकरीच्या मागच्या दारासमोरच राहायच्या. त्यांनी हळू आवाजात उत्तर दिलं आणि वकीलसाहेबांनी समजल्यासारखी मान डोलावली. त्यांच्या शेजारी बसलेल्या, त्यांच्यासोबतच वकिली करणाऱ्या त्यांच्या मुलीला मनातून उडी मारावीशी वाटली, कारण बाई म्हणाल्या होत्या, "नव्हता."

"लागलेला होता," वकीलसाहेब सावकाश म्हणाले. "मग एवढ्या उजेडात पळणाऱ्या माणसाची तुम्हाला फक्त पाठच कशी दिसली?"

सरकारी वकिलांचं पेन हवेतच थांबलं. बाई गोंधळल्या. आधी न्यायाधीशांकडे, मग आरोपीकडे पाहत म्हणाल्या, "उजेड... हो, असेल की. चेहरापण दिसला मला. हाच होता."

आरोपी बेकरीतला भट्टी सांभाळणारा कामगार होता. त्यानेच आग लावली आणि त्या आगीत मालक गेला, असा खटला होता, आणि सगळा खटला या एका बाईंच्या डोळ्यांवर उभा होता. बाई खोटारड्या नव्हत्या. मोठ्या माणसाने सांगितलं की हो म्हणायचं आणि मग त्यावरच ठाम राहायचं, हा फक्त त्यांचा स्वभाव. अंधार होता हे त्यांच्या तोंडून निघालं होतं, आणि वकीलसाहेबांनी ते स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

मुलीने त्यांचा गाऊन ओढला. "बाबा, 'नव्हता' म्हणाल्या त्या."

"काय?"

तिने समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

बाररूममध्ये त्यांना सगळे 'चिमटा' म्हणायचे. ते कधी आवाज चढवत नसत, टेबलावर हात आपटत नसत. साक्षीदाराशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलत, आणि बोलता बोलता असा काही प्रश्न विचारत की समोरच्याला कळायच्या आत चिमटा बसलेला असे. संध्याकाळी मात्र हा माणूस थेट घरी. क्लब नाही, पत्ते नाहीत. बायको शाळेत शिकवायची आणि सकाळी लवकर बाहेर पडायची, म्हणून लहानपणी मुलीच्या वेण्या तेच घालायचे. वेणी घालताना त्या दिवशीचे प्रश्न पुटपुटायचे, आणि ती आरशात बघत साक्षीदार होऊन उत्तरं द्यायची. वेण्या कायम एक वर, एक खाली. पण वकिलीचं बाळकडू तिला तिथेच मिळालं.

गेली काही वर्षं कान दगा देत होते. मुलीला माहीत होतं. कोर्टात ती शेजारी बसून महत्त्वाची उत्तरं कागदावर लिहून पुढे सरकवायची. ते काही न बोलता वाचायचे. दोघांनी या विषयावर कधी तोंड उघडलं नव्हतं. आज तिचं हसू तिच्या हातापेक्षा आधी धावलं, आणि लिहायचं राहून गेलं.

"वकीलसाहेब, पुढचा प्रश्न?" न्यायाधीशांनी विचारलं.

हेसुद्धा त्यांना मुलीने खुणेने सांगितलं. ते उभेच होते, तरी नव्याने उभे राहिल्यासारखे ताठ झाले.

"साहेब, साक्षीदाराचं उत्तर मी चुकीचं ऐकलं. खरं सांगायचं तर ऐकलंच नाही, अंदाज केला. मला हल्ली ऐकू येत नाही."

मुलगी कुजबुजली, "बाबा, नका ना. आपण वेळ मागून घेऊ."

तेही त्यांना ऐकू आलं नाही.

"हे मी कोर्टाला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझ्या कानांची आहे, तिची शिक्षा माझ्या अशिलाला होऊ नये. त्याची हरकत नसेल तर पुढची उलटतपासणी माझ्या सहकारी वकील करतील."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. सरकारी वकील गेली कित्येक वर्षं त्यांच्याशी दात-ओठ खाऊन भांडत आले होते. ते अर्धवट उठून म्हणाले, "सरकारपक्षाची हरकत नाही," आणि खाली बघत बसले. न्यायाधीशांनी काम दुसऱ्या दिवशीवर ठेवलं.

वकीलसाहेब आरोपीजवळ गेले. "उद्या माझी मुलगी विचारेल. चालेल?"

त्याच्या हातांवर भट्टीचे जुने चटके होते. त्याने ते हात गजांवर ठेवले आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून विचारलं, "तुम्ही येणार ना पण?"

"येणार."

घरी बायकोने दार उघडलं आणि मुलीच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"सांगून टाकलं का?" ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अहो, मला माहीत नसणार? शेजारच्या वहिनी परवा हळूच विचारत होत्या, तुमचं दोघांचं बरं चाललंय ना म्हणून. त्यांना वाटतं मी दिवसभर तुमच्यावर ओरडत असते."

"मला वाटायचं, शाळेत शिकवून शिकवून तुझा आवाज मोठा झालाय."

"तसं वाटावं म्हणूनच ओरडत होते," ती म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.

ते खुर्चीत बसून राहिले. आपण साऱ्या जगाला उलटे-सुलटे प्रश्न विचारत फिरलो आणि घरातल्या दोन बायकांनी आपल्याला असं अलगद झेलून धरलंय, याचा पत्ताच नव्हता. जेवताना त्यांनी मुलीला उद्याचे प्रश्न सांगायला सुरुवात केली. दिव्याबद्दल थेट विचारू नकोस, आजूबाजूने जा, असं काहीतरी. ती ऐकत होती, पण ताटात बघत.

"बाबा," ती शेवटी मान वर करून म्हणाली, "उद्या मी माझ्या पद्धतीने विचारू?"

बायकोने भाजीचा डाव हातात तसाच धरला. वकीलसाहेबांना हे स्वच्छ ऐकू आलं होतं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

"विचार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते साधा सदरा घालून आले. वकिलांच्या टेबलाशी बसलो तर ती प्रत्येक प्रश्नानंतर आपल्याकडे बघेल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते मागे, लोकांच्या बाकावर जाऊन बसले. पट्टेवाल्याने धावत येऊन पुढची खुर्ची दाखवली. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

मुलगी उभी राहिली. गाऊन तिला खांद्यावर जरा मोठा होत होता. तिने काहीतरी विचारलं, शिवणकामवाल्या बाईंनी काहीतरी सांगितलं. वकीलसाहेबांना नुसते हलणारे ओठ दिसत होते. आयुष्यभर ज्या खोलीतला एक सुस्कारासुद्धा त्यांच्या कानांतून सुटला नाही, ती खोली आता काचेपलीकडे असल्यासारखी होती. मुलीचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. मग तो हळूहळू सैल झाला. तेवढंच त्यांना कळलं.

शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. तिने त्यांच्या बाहीला हात लावला. आरोपीची आई. तिचे ओठ हलले. काय चाललंय, असं विचारत असावी.

"मला ऐकू येत नाही, आई," ते म्हणाले. "तुम्हीच मला सांगा. काय म्हणाली ती?"

म्हातारीला आधी कळेना. मग ती सरकून जवळ आली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगू लागली. "पोरगी विचारते, ओरडा ऐकून आधी काय केलंत. ती म्हणते, चपला शोधल्या."

"बरं."

"आता विचारते, मग बाहेर आलात का. ती म्हणते, आले, पण परत आत गेले."

वकीलसाहेब आणखी झुकले. "कशाला गेली?"

म्हातारी ऐकत राहिली. मग तिने त्यांचा कानच धरून जवळ ओढला. "टॉर्च आणायला. म्हणते, आग अजून आतच होती, दारात पाऊल कुठं टाकावं ते दिसेना. ती आली तोवर तो पाठ फिरवून पळत सुटलेला."

"आता काही विचारू नकोस," वकीलसाहेब पुटपुटले. "बस. बस खाली."

मुलीची पाठ त्यांच्याकडे होती. तिने क्षणभर साक्षीदाराकडे पाहिलं, न्यायाधीशांना मान लववली आणि ती खाली बसली.

"बसली का हो?" म्हातारी घाबरून म्हणाली. "अजून विचारायला नको?"

"नको. झालं तिचं."

"चांगलं झालं की वाईट?"

"चांगलं झालं, आई. खूप चांगलं."

म्हातारीने पदराने तोंड दाबलं. तिची कुजबुज कधीच कुजबुज राहिली नव्हती. न्यायाधीशांनी मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं, तिथे कोण बसलंय ते पाहिलं, आणि ते पुन्हा लिहायला लागले. पुढे सरकारी वकील उठत होते. वकीलसाहेबांनी कानामागे हात धरला आणि म्हातारीकडे डोकं झुकवलं.

"हं, आता हे काय म्हणतात?"