बिनखुणेचा गठ्ठा

थोरलीनं दार लोटलं आणि तिच्या कपाळाची शीर जागच्या जागी ताठ झाली. भावजय आईच्या पलंगावर उभी होती. चपला घालून. कपाटाच्या माथ्यावरचं बोचकं काढायला म्हणे दुसरं काही सापडलं नाही. गेल्या महिन्यापर्यंत आई ज्या चादरीवर झोपत होती, त्या चादरीवर बाईसाहेबांच्या टाचांचे ठसे उमटले होते.

"उतर," थोरली म्हणाली.

"ताई, एवढं एक काढते आणि लगेच..."

"आधी चपला उतरव. मग तू उतर. मग काय ते बोल."

भावजय उतरली. तोंड वाकडं केलं, पण उतरली. थोरलीसमोर वाकडं तोंड करून सरळ चालणारी माणसं घरात बरीच होती.

घर म्हणजे काय, लॉन्ड्रीच्या मागच्या दोन खोल्या. पुढची लॉन्ड्री आई अंथरुणाला खिळली तेव्हाच बंद पडली होती. आता आईही गेली, आणि घरमालकाला आज संध्याकाळच्या आत खोल्या रिकाम्या हव्या होत्या. दारात चिंध्या-भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहणार होता. त्यासाठीच तर सगळी गोळा झाली होती. थोरलीचा पाठचा भाऊ आला होता, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी काखेत मारून. त्याला पहिली नोकरी लागली तेव्हा आईनंच त्याचं नाव साहेब ठेवलं होतं; तेव्हा कौतुकानं, आता सवयीनं. धाकटी आली होती दूरच्या शहरातून, डोळे सुजवून. ती आली की नेहमी डोळे सुजवूनच यायची. रडायची आधी, आणि कशासाठी ते नंतर ठरवायची.

भावजयीनं जमिनीवर तीन ढीग मांडले होते. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. ठेवायचं तिथे एक भिंतीवरचं घड्याळ होतं. टाकायचं तिथे आईचं अख्खं आयुष्य.

"ताई, तू नुसतं बस. आम्ही करतो," साहेब म्हणाला.

"का? मी काय पाहुणी आहे?"

"तसं नाही गं. तू खूप केलंस आईचं. आता जरा..."

"माहीत आहे ना खूप केलं ते? मग शिकवू नकोस."

ती बसली नाही. पदर खोचला आणि सरळ लोखंडी कपाटाकडे गेली. ती काय शोधायला आली होती ते ह्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर हसली असती सगळी. नातवंडं मांडीवर घेतलेली बाई एका टाक्यासाठी कपाट उपसते!

हो, टाक्यासाठी. लॉन्ड्रीत दर कपड्याला खूण लागते, नाहीतर ह्याची विजार त्याच्या घरी जायची. आई खुणेसाठी दोरा वापरायची. कॉलरच्या आत, नाहीतर शिवणीच्या पोटात, एकेका गिऱ्हाइकाचा एकेक रंग. डॉक्टरांचा निळा, मास्तरांचा पिवळा, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे दोन काळे टाके. सुई तिच्या हातात कमी, ओठांतच जास्त असायची. आणि तीच सवय घरात आली. साहेबाच्या शर्टाला लाल फुली. धाकटीच्या फ्रॉकला, मोज्यांना, अगदी रुमालालासुद्धा हिरवी फुली.

थोरलीच्या कपड्याला काहीच नाही.

लहान होती तेव्हा तिनं विचारलं होतं. शाळा अर्धवट सुटली होती, हात दिवसभर साबणाच्या पाण्यात, बोटांची सालं निघालेली. "आई, माझा रंग कुठला?" आईनं मान वर केली नाही. ओठांतल्या सुईच्या बाजूनं बोलली, "तुला कशाला हवी खूण? पीळ ते आधी."

तुला कशाला. एवढे दोनच शब्द, पण माशाच्या काट्यासारखे घशात अडकले ते कायमचे. लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला, आईची औषधं, आईची अंघोळ, आईचे ओले गाऊन. सगळ्यावरून ते दोन शब्द तरंगत राहिले. आज कपाट रिकामं झालं की संपलं. आज एखाद्या फाटक्या टॉवेलावर का होईना आपल्या नावाचा एक टाका सापडला तर सापडला, नाहीतर जन्मभर समजून घ्यायचं की आईनं आपल्याला मोजलंच नाही.

तिनं वरचा कप्पा उपसला. चादरी. कोपरे उलटून बघितले. काही नाही. खालचा कप्पा. अभ्रे. काही नाही.

"अगं बाई! हे बघा," मागून धाकटी किंचाळली.

ती आणि साहेब पत्र्याच्या ट्रंकेवर वाकले होते. ट्रंकेत लहान मुलांचे कपडे होते, घडी घालून, मधे जुन्या साबणाच्या वड्या ठेवून. साहेबाचा एक चड्डी-शर्ट, एक टोपी. धाकटीचे फ्रॉक, मोजे. सगळ्यांवर फुल्या. लाल, हिरव्या, लाल, हिरव्या.

"आईनं जपून ठेवलं सगळं," धाकटी मोजे गालाला लावून म्हणाली. "बघ ना ताई, माझी हिरवी फुली. अजून रंग गेला नाही."

"आईचा टाका कुठं निघतो?" साहेबाचा आवाजही ओला झाला. त्यानं टोपी डोक्यावर ठेवून बघितली, कानाच्या वरच राहिली.

थोरलीनं ट्रंकेत हात घातला. तळापर्यंत. तळाला गंजाचा चुरा लागला.

"माझं काही नाही ह्यात?"

धाकटीनं मोजे गालावरून खाली घेतले.

"तू मोठी होतीस ना गं," धाकटी म्हणाली. "तुझे कपडे विरले असतील. फाटले असतील."

"फाटणारच! तुझे मोजे मी धुवायचे म्हणून तुझे टिकले. माझे कोण धुणार होतं?"

"ताई, आता तू ह्यावरून..."

"ह्यावरूनच! अगं, तू रात्री गाडीत बसून येतेस, दोन दिवस रडतेस, तिसऱ्या दिवशी गाडीत बसून जातेस. आणि हा," तिनं साहेबाच्या टोपीकडे बोट केलं, "हा फोनवर विचारायचा, आईला काही हवं का? आईला माणूस हवं होतं, साहेब! गाऊन ओला झाला की बदलायला माणूस. ते तुझ्या फोनातून येत नव्हतं."

"मी म्हटलं होतं बाई ठेवू," साहेबानं टोपी काढली.

"म्हटलं होतंस. तुझ्या म्हणण्याला इस्त्री चांगली असते. आत कपडा नसतो."

भावजयीला हसू आलं, तिनं ते खोकल्यात दाबलं. मग, नवऱ्याला वाचवायचं म्हणून असेल किंवा टेम्पो वेळेवर भरायचा म्हणून, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातला गठ्ठा दोन्ही हातांनी ओढून काढला आणि काळ्या पिशवीत कोंबायला लागली.

"ह्याला खूण नाही काही," ती कुणाला न विचारता म्हणाली. "कुणाचं आहे कळत नाही. टाकायचंच ना?"

"खूण नसेल तर ताईचं असेल," धाकटी बोलून गेली, आणि बोलल्यावर तिनंच जीभ चावली.

थोरली दोन ढांगांत तिथे पोचली. पिशवी अशी हिसकली की प्लास्टिक टरकन फाटलं आणि सगळा गठ्ठा फरशीवर.

"डोळे फुटले का तुमचे? हे आईचं आहे! हा तिचा करडा गाऊन, हा बाह्या उसवलेला, ही शाल. आईचे कपडे ओळखता येत नाहीत तुम्हाला? खूण कशाला हवी ओळखायला?"

आणि ती थांबली.

खूण कशाला हवी.

तिनं करडा गाऊन उचलला. गळा उलटा केला. शिवण उलटी केली. टाका नाही. बाह्या उसवलेला गाऊन उलटला. नाही. शाल, रुमाल, आईचा कामाचा एप्रन. कशालाही नाही. किती वर्षं हे गाऊन तिनं स्वतःच्या हातांनी धुतले, वाळवले, घडी घातले, आणि आईच्या कपड्यांना खूण नाही हे तिला एकदाही दिसलं नव्हतं. जे कधी नव्हतंच ते कसं दिसणार?

शालीच्या घडीत काहीतरी होतं. तिनं घडी सोडली. आत तिचा शाळेचा फ्रॉक होता, खालची पट्टी उसवून उसवून लांब केलेला. फ्रॉकच्या आत तिचा लहानपणीचा एप्रन, आईच्याच एप्रनाच्या कापडाचा. आईच्या कपड्यात तिचे कपडे, एकात एक घातलेले. सगळेच बिनखुणेचे.

थोरली फरशीवर बसली. गुडघे दुखायचे, तरी बसली.

तिला लॉन्ड्रीतला मोठा हौद दिसला. आणि हौदावर उभी असलेली ती स्वतः, तरणीताठी, आईच्या जागेवर हुकूम सोडणारी. कामाला नवीन लागलेल्या बाईनं विचारलं होतं, ह्या कपड्याला दोरा नाही, कुठे टाकू? आणि थोरलीनं तोंड वर करून सांगितलं होतं, जसं आईनं तिला सांगितलं होतं: "दोरा नाही ते घरचं. गिऱ्हाइकाचं आधी. घरचं शेवटी, उरल्या पाण्यात."

तिनंच सांगितलं होतं. कितीदा. इस्त्रीखालचं फडकं घरचं, हात पुसायचा टॉवेल घरचा. स्वतःचा फ्रॉक त्यात कधी धरला नाही.

घरचं. आणि शेवटी. आणि उरल्या पाण्यात.

आता कशावर रडावं आणि कशावर चिडावं? रडू आलं असतं, पण राग आधी आला. तो नेहमीच आधी यायचा, त्याचं घर जवळ होतं. एवढंच होतं तर सांगायला काय झालं होतं गं तुला? मनातल्या मनात ती आईवर कडाडली. सुई काढून ठेवायची होतीस क्षणभर तोंडातली. घरची आहेस म्हणायचं होतंस. घरची म्हणून गृहीत धरलीस, घरची म्हणून राबवलीस, सगळ्यांचं झाल्यावर गढूळ पाणी उरलं ते माझं. आणि घरची आहे हे मला कळायला तुला मरावं लागलं?

"ताई, काय झालं?" साहेब जवळ येऊन उकिडवा बसला.

तिनं सांगितलं. दोन वाक्यांत. गोड करून सांगायची तिला सवय नव्हती.

धाकटीनं हातातल्या मोज्यांकडे बघितलं. हिरव्या फुलीकडे. "म्हणजे... आम्ही गिऱ्हाईक?"

"मग काय? मळलेलं आणायचं, घडी घातलेलं न्यायचं. दुसरं काय म्हणतात त्याला?"

धाकटी आता मात्र खरोखरीचं रडायला लागली, आवाज न करता. थोरलीनं तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं एरवी. आज नाही घेतलं. पण ट्रंकेतला एक हिरव्या फुलीचा रुमाल तिच्याकडे भिरकावला.

"नाक पूस. तुझाच आहे."

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. भावजय घड्याळाकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिली. तिनं हळूच विचारलं, "मग हे... ठेवायचं का?"

"हे कुठल्याच ढिगात नाही," थोरली म्हणाली. "हे माझं. बाकी काय न्यायचं ते न्या, घड्याळ न्या, कपाट न्या, भिंती न्या. ह्याला हात लावलात तर बघा."

ती उठली. फरशीला हात टेकून, पलंगाला धरून. पलंग धरला तशी चादर दिसली आणि चादरीवरचे चपलांचे ठसे. तिनं चादर एका हिसक्यात ओढली. करडा गाऊनही उचलला, ज्याच्या छातीवर औषधाचा ओघळ अजून तसाच होता. आईला दवाखान्यात हलवलं त्या दिवशी तिनंच तो वैतागून कपाटात कोंबला होता. दोन्ही घेऊन ती मागच्या मोरीत गेली आणि नळ पूर्ण सोडला.

"आत्ता?" साहेब मागून आला. "ताई, अगं टेम्पो उभा आहे. किल्ली द्यायची आहे. ओलं कसं नेणार?"

"ओलंच नेणार."

"घरी धू की!"

"घरी मुलाचे कपडे, सुनेचे कपडे, नातवांचे कपडे. हे पुन्हा शेवटी जाईल. आज हे आधी धुवायचं. स्वच्छ पाण्यात."

बादली भरली. पाणी इतकं नितळ की तळाचा ओरखडा दिसत होता. तिनं साबण लावला, चोळला, आपटला. असा आपटला की भिंतीपर्यंत फेस उडाला. प्रत्येक आपटण्यामागे ओठ हलत होते; काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, पण आशीर्वाद नव्हते एवढं नक्की. टेम्पोवाला भोंगा वाजवून वाजवून दमला.

गाऊन तिनं एकटीनं पिळला. चादर जड होती. एक टोक हातात, दुसरं मोरीत लोळत होतं. चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक कायम आईच्या हातात असायचं.

साहेबानं मनगटावरचं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं. बाह्या दुमडल्या. मोरीत उतरून दुसरं टोक उचललं. थोरलीनं पीळ द्यायला सुरुवात केली, त्यानंही दिली. चादर नुसतीच फिरत राहिली आणि सगळं पाणी साहेबाच्या चकचकीत बुटांवर.

"उलटा फिरव," थोरली ओरडली. "अरे, उलटा! माझ्या उलटा! लॉन्ड्रीवालीचा मुलगा म्हणे. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच."

त्यानं मुकाट्यानं हात बदलले.